शेतकऱ्यांचे प्रश्न : सोयाबीनच्या गाठी आणि ओलिताचं गणित

पावसाळ्याआधी येणाऱ्या पत्रांत यंदाही सोयाबीनचेच प्रश्न जास्त आहेत. कुणी जिवाणू खताबद्दल विचारलं आहे, कुणी तुषार सिंचनाबद्दल, तर कुणी शेतात तुंबणाऱ्या पाण्याबद्दल. हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण तिन्ही एकाच जागी येऊन मिळतात : जमिनीखाली वीतभर खोलीवर, मुळांवरच्या गाठींत. म्हणून या वेळी नागपूर जिल्ह्यातले निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

तीन वर्षांपासून रायझोबियमची पाकिटं लावतो. शेजारी काहीच लावत नाही, तरी दोघांचा उतारा (उत्पादन) सारखाच येतो. मग हा खर्च वाया जातो का? (उमरेड तालुका)

वाया जातो असं सरसकट म्हणता येणार नाही, पण तुमची शंका खरी आहे. उत्तर तुमच्या शेताच्या इतिहासात आहे. सोयाबीनच्या गाठी ब्रॅडीरायझोबियम जातीच्या जिवाणूंमुळे होतात, आणि त्याच हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधून झाडाला देतात. हे जिवाणू आपल्या मातीत मुळात नव्हते, ते सोयाबीनबरोबर आले. ज्या वावरात दहा-पंधरा वर्षं सोयाबीन आहे, तिथे ते आता वस्तीला आहेत. त्यामुळे शेजाऱ्याने काही लावलं नाही तरी त्याच्या झाडांना गाठी येतातच. अशा शेतात पाकिटाचा फायदा थोडा असतो आणि एखाद्या वर्षी तो डोळ्यांना दिसतही नाही.

तरीही आम्ही दरवर्षी लावायलाच सांगतो. मे महिन्यात नागपूरचं तापमान 45 अंशांच्या पुढे जातं. नांगरलेल्या, उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर त्याहून जास्त तापतो आणि त्यात बरेच जिवाणू मरतात. जे तगतात ते चिवट असतात, पण नत्र बांधण्यात तरबेज असतीलच असं नाही. बियाण्याला लावलेला निवडक वाण अगदी कोवळ्या मुळाशी असतो, म्हणून त्याला आधी शिरकाव मिळतो. एकरी खर्च शे-दोनशेच्या घरातला आहे. त्यासाठी जुगार खेळण्यात अर्थ नाही.

पण पाकिटाने काम केलं की नाही हे उताऱ्यावरून ठरवू नका, मुळावरून ठरवा. पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी शेताच्या चार-पाच जागांहून दोन-दोन झाडं काढा. हाताने उपटू नका. गाठी तुटून मातीतच राहतात आणि मग “गाठीच नाहीत” असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कुदळीने वीतभर अंतरावरून ढेकळासकट झाड काढा, बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाला लागूनच मोठ्या गाठींचा झुपका असेल तर बियाण्याला लावलेला जिवाणू लागला. गाठी लांबच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या मातीतल्या जिवाणूंच्या आहेत.

गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लाल दिसली तर ती काम करते आहे. आपल्या रक्तात जसं हिमोग्लोबिन असतं तसाच एक पदार्थ गाठीत असतो, त्याचा तो रंग. पांढरी गाठ एकतर अजून कोवळी आहे किंवा निकामी आहे. हिरवट, तपकिरी किंवा हाताला मऊ लागणारी गाठ संपलेली आहे. फुलोऱ्याच्या वेळी झाडावर दहा-पंधरा मोठ्या, गुलाबी गाठी असतील तर निर्धास्त राहा. एक खूण लक्षात ठेवा : जिवाणूची गाठ बोटाने सहज सुटते. सूत्रकृमींमुळे मूळच फुगतं आणि तो फुगवटा मुळापासून वेगळा होत नाही.

बुरशीनाशक आणि जिवाणू खत दोन्ही लावायचं आहे. क्रम कोणता? विकतचं बियाणं गुलाबी रंगाचं येतं, त्यालाही लावता येतं का? (भिवापूर तालुका)

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. उलट केलं तर जिवाणूवर विष ओतल्यासारखं होतं.

एकरी 30 किलो बियाणं धरू. (उगवण 70 टक्क्यांच्या खाली असेल तर बियाणं वाढवावं लागेल, म्हणून गोणपाटावर शंभर दाण्यांची चाचणी आधी घ्या.) पेरणीच्या आदल्या दिवशी कार्बोक्झिन आणि थायरम हे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम लावा आणि बियाणं सावलीत सुकवा. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस लावायचं असेल तर किलोला 10 मिली, तेही आदल्या दिवशीच. ताम्रयुक्त बुरशीनाशक जिवाणूंना घातक, ते सोयाबीनच्या बियाण्याजवळ आणू नका. पेरणीच्या सकाळी रायझोबियम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं घ्या. भुकटी असेल तर दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, द्रवरूप असेल तर 100 मिली. म्हणजे एकराला प्रत्येकी तीन पाकिटं किंवा 300 मिली.

चिकटवण्यासाठी एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात. आणि खरी चूक इथेच होते : सगळं पाणी बियाण्यावर ओतलं जातं. सोयाबीनचं साल कागदासारखं पातळ असतं. जास्त ओल लागली की ते सुटतं, दाणा दुभंगतो आणि मग “बियाणं बोगस निघालं” अशी ओरड होते. भुकटीची रबडी करायला दहा किलोमागे 300 ते 400 मिली गूळपाणी पुरे. द्रवरूप असेल तर त्याचीही फारशी गरज नाही. ताडपत्रीवर बियाणं पसरा, रबडी शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. चोळू नका. अर्धा तास सावलीत सुकवून लगेच पेरा, तीन-चार तासांच्या आत. दुपारच्या उन्हात धुऱ्यावर (बांधावर) ठेवलेलं बियाणं संध्याकाळी पेरलं तर पाकिटाचे पैसे गेले.

गुलाबी बियाण्याला कारखान्यातच औषध लावलेलं असतं. पिशवीवरची चिठ्ठी वाचा आणि पुन्हा बुरशीनाशक लावू नका. जिवाणू लावता येतात, पण मात्रा दीडपट करा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एकरी दोन किलो जिवाणू खत 50 किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात रात्रभर मुरवून पेरणीच्या तासातच (ओळीतच) टाकणं.

पाकीट घेताना पीक, उत्पादनाची तारीख आणि मुदत बघा. दुकानदाराने ते उन्हात, खतांच्या पोत्यांवर ठेवलं असेल तर घेऊ नका. आणि बियाणं आणि डीएपी खत कधीच एका पेटीत मिसळू नका. खताचा क्षार जिवाणूही मारतो आणि कोंबही जाळतो.

आमच्याकडे बांधीत (पाणी साचवायच्या वाफ्यात) धान होतं. यंदा पहिल्यांदा सोयाबीन पेरायचा विचार आहे. (मौदा तालुका)

तुमच्यासाठी जिवाणू खत ऐच्छिक नाही. जिथे सोयाबीन कधी झालंच नाही तिथे त्याचा जिवाणू नसतो, आणि त्याच्याशिवाय पीक पिवळं, खुरटं राहतं. घरात हरभऱ्याचं पाकीट पडलं असेल तर ते चालणार नाही, हरभऱ्याचा जिवाणू वेगळा. बियाण्याला दुप्पट मात्रा लावा आणि तासात शेणखतातूनही द्या. मात्र त्याआधी बांधीतून पाणी कसं काढणार ते ठरवा. धानाची माती चिखलणी करून खाली घट्ट झालेली असते. खोल नांगरट आणि बांध फोडून चर केल्याशिवाय तिथे सोयाबीन पेरू नका.

पेरणीला वीस दिवस झाले की पीक पिवळसर पडतं. कृषी केंद्रवाले एकरी एक पोतं युरिया सांगतात. टाकू का? (कळमेश्वर तालुका)

थांबा. आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा.

बियाण्याच्या दोन डाळींतला साठा पंधरा दिवसांत संपत येतो. गाठी दिसायला लागतात दहा-बारा दिवसांनी, पण त्यांचं काम सुरू व्हायला तीन-चार आठवडे लागतात. या मधल्या आठ-दहा दिवसांत झाडाला नत्राची थोडी भूक असते. त्यासाठीच पेरणीबरोबर थोडं नत्र द्यायचं असतं : एकरी 12 किलो नत्र, 24 ते 30 किलो स्फुरद आणि 12 किलो पालाश (पोटॅश). सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती (150 किलो), युरिया 26 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो यांत हे सगळं बसतं. वर सुपर फॉस्फेटमधून सुमारे 16 किलो गंधक मिळतं, ते वेगळंच. डीएपीच्या एका पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद येतं, पण गंधक नसतं. ते वेगळं 8 ते 10 किलो द्यावं लागतं. आमचा कल सुपर फॉस्फेटकडे आहे. स्फुरद आणि गंधक कमी पडलं तर गाठी लहान राहतात.

आता युरियाचा हिशेब. एक क्विंटल सोयाबीन पिकवायला झाड साधारण 8 किलो नत्र उचलतं. दहा क्विंटल उतारा धरला तर 80 किलो नत्र, म्हणजे 45 किलोची जवळपास चार पोती युरिया. एवढं कुणी टाकत नाही आणि टाकायची गरजही नाही, कारण निम्मं किंवा त्याहून जास्त नत्र या गाठी हवेतून आणतात. पण मातीत तयार नत्र भरपूर दिसलं की झाड गाठींना पोसणं थांबवतं. तिथे साखर कशाला पाठवायची? म्हणून विसाव्या दिवशी एक पोतं युरिया टाकला की आठवड्यात पीक हिरवंगार होतं आणि शेतकऱ्याला समाधान वाटतं. मात्र गाठी मागे पडतात. पीक उंच, लुसलुशीत होतं, अळ्या वाढतात, झाडं लोळतात आणि शेंगा भरायच्या वेळी, जेव्हा नत्र खरंच हवं असतं, तेव्हा गाठीही नसतात आणि युरियाही संपलेला असतो.

तेव्हा निदान असं करा. खालची जुनी पानं फिकट आणि वरची बरी असतील तर ती नत्राची भूक आहे. वापसा असेल (ओल उतरून जमीन काम करण्याजोगी झाली असेल) तर डवरणी (दोन ओळींमधली कोळपणी) द्या आणि सात-आठ दिवस वाट बघा, बहुतेक वेळा पीक आपोआप सावरतं. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या भारी जमिनीत पावसाची झड लागली की ती हमखास दिसते. तिथे युरिया टाकून काही होणार नाही. फेरस सल्फेट 50 ग्रॅम दहा लिटर पाण्यात घेऊन फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. झाडं ठिपक्या-ठिपक्यांनी चमकदार पिवळी होत असतील तर तो मोझॅक, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणूजन्य रोग आहे. अशी झाडं उपटून नष्ट करा आणि पांढऱ्या माशीकडे बघा. आणि एखादंच झाड माना टाकत असेल तर खोड उभं चिरा, आत लालसर नळी दिसली तर खोडमाशी.

विहिरीला पाणी आहे, तुषार संच आहे. सोयाबीनला कोणत्या वेळी आणि किती तास चालवायचा? (काटोल तालुका)

नागपूर भागात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि सोयाबीनला 450 ते 700 मिलिमीटर पाणी लागतं. बेरीज बघितली तर ओलिताची गरजच नाही. पण पाऊस हिशेबाने पडत नाही. जुलैत आठवडाभर झड लागते आणि ऑगस्टच्या अखेरीस पंधरा-वीस दिवस खंड पडतो, नेमका शेंगा धरताना.

तीन वेळा जपायच्या : फांद्या फुटण्याची (20 ते 25 दिवस), फुलोऱ्याची (35 ते 45 दिवस) आणि दाणे भरण्याची (60 ते 70 दिवस). एकाच पाळीपुरतं पाणी असेल तर ते दाणे भरतानाच द्या. फुलोऱ्यातला ताण झाड थोडाफार भरून काढतं, नवी फुलं येतात. दाणे भरताना पाणी तुटलं तर शेंगा रिकाम्या आणि दाणा बारीक राहतो, तो भरून येत नाही.

इथे गाठींची गोष्ट पुन्हा येते. झाड सुकलेलं दिसण्याच्या आधीच गाठी नत्र बांधणं कमी करतात. पाणी कमी झालं की गाठ आपली हवा आत येण्याची वाट आवळून घेते. ताण लांबला तर जुन्या गाठी गळतात. नंतर पाऊस आला तरी नव्या गाठी तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर पिकाचे दिवस संपतात. म्हणून पानं लोंबेपर्यंत थांबू नका. दुपारी पानं उलटून फिकट बाजू दाखवत असतील आणि संध्याकाळी सावरत असतील, तर संच काढायची ती वेळ. सकाळी नऊलाही माना खाली असतील तर उशीर झाला. मातीवरून पाहायचं तर वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा न होता भुगा झाला की पाणी द्या. मुरमाड जमिनीत ही वेळ पावसाच्या सात-आठ दिवसांनी येते, मध्यम जमिनीत दहा-बारा आणि भारीत पंधराएक दिवसांनी. काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडू देऊ नका. भेगा मुळं तोडतात आणि दिलेलं पाणी सरळ खाली जातं.

आता तास. एका पाळीत 35 ते 40 मिलिमीटर पाणी पुरे. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 4000 लिटर, म्हणजे 40 मिलिमीटरला 1 लाख 60 हजार लिटर. वीस फुटी पाइप असतील आणि एक पाइप सोडून नोझल असेल, ओळींतही तेवढंच अंतर असेल, तर एक नोझल 12 बाय 12 मीटर भिजवतं. नोझल मिनिटाला 30 लिटर फेकत असेल तर तासाला साडेबारा मिलिमीटर होतात, म्हणजे तीन तास. तुमचं नोझल किती फेकतं ते कागदावर शोधू नका. सरळ भिंतीचे चार-पाच डबे तासभर शेतात ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. भारी जमिनीत दीड-दोन तासांनी पाणी पृष्ठभागावर वाहायला लागलं तर संच बंद करा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी द्या.

नऊ नोझल एका वेळी चालत असतील तर एकराला तीन जागा बदलाव्या लागतात, म्हणजे नऊ तास. आठ तासांच्या लाइनीत (वीजपुरवठ्यात) एक एकरही पूर्ण होत नाही. पाच एकरांना सहा दिवस लागतील. खंडाचा बारावा दिवस उजाडल्यावर संच काढला तर शेवटच्या एकराला सतराव्या दिवशी पाणी पोचतं. म्हणून उथळ, मुरमाड तुकड्यापासून आधीच सुरुवात करा. भारी तुकडा शेवटी घ्या.

तुषारने फुलं गळतात म्हणून लोक फुलोऱ्यात संच लावत नाहीत. खरं का? (सावनेर तालुका)

फुलं गळतात, पण तुषारमुळे नाही. सोयाबीनची निम्म्याहून अधिक फुलं चांगल्या हंगामातही आपोआप गळतात, तो या पिकाचा स्वभावच आहे. पाण्याच्या ताणाने ही गळ वाढते. तुषार टाळून तुम्ही तीच गळ ओढवून घेता. एक काळजी मात्र घ्या : शक्यतो पहाटे किंवा सकाळी चालवा, म्हणजे पानं दिवसा सुकतात. रात्रभर ओली राहिलेली दाट पानं करपा आणि बुरशीला आमंत्रण देतात. रात्रीच्याच लाइनीवर भागवावं लागत असेल तर लाइनीचे शेवटचे तास वापरा.

आमचं शेत खोलगट, भारी. झड लागली की चार दिवस पाणी हटत नाही आणि पीक बसतं. ओलितापेक्षा आमचा प्रश्न हा आहे. (कुही तालुका)

तुमच्यासारखे बरेच आहेत, आणि ओलिताच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो याचं वाईट वाटतं. गाठीतल्या जिवाणूला हवेतलं नत्र तर हवंच, पण श्वासाला प्राणवायूही हवा. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की एक-दोन दिवसांत नत्र बांधण्याचं काम मंदावतं, आणि चार दिवसांत मुळंही कुजायला लागतात. कितीही चांगलं पाकीट लावलं तरी बुडालेल्या मुळावर ते काही करू शकत नाही.

उपाय पेरणीच्या दिवशीच करायचा असतो. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंब्यावर चार तास (ओळी) आणि दोन्ही बाजूंना 30 ते 45 सेंटिमीटर रुंद, वीतभर खोल सरी. यंत्र मिळालं नाही तर सपाट पेरणीत चार किंवा सहा तासांनंतर एक तास रिकामा सोडा. पंचवीस-तीस दिवसांनी डवरणी करताना डवऱ्याच्या जानोळ्याला (पात धरणाऱ्या दांड्याला) दोरी गच्च गुंडाळून त्या रिकाम्या तासात सरी काढा. सऱ्या उताराला आडव्या पण किंचित तिरप्या ठेवा आणि शेवटी नाल्याकडे किंवा चराकडे उघड्या करा. तोंड बंद राहिलेली सरी म्हणजे तळंच. पाऊस कमी झाला तर ह्याच सऱ्या ओल धरून ठेवतात, गरजेला त्यांतून एका आड एक पाणीही देता येतं.

पाणी उतरल्यावर घाईने युरिया फेकू नका. वापसा आला की डवरणी द्या, मातीत हवा जाऊ द्या. पाच-सहा दिवसांत नवी पानं हिरवी आली नाहीत तरच 19:19:19 हे खत दहा लिटरला 100 ग्रॅम किंवा युरिया 200 ग्रॅम फवारा. चांगला फुलोरा लागल्यावर मात्र डवरा घालू नका, मुळं तुटतात आणि गाठीही.

सोयाबीन जमिनीत नत्र सोडतं म्हणतात. मग पुढच्या हरभऱ्याला खत कमी करावं का? (नरखेड तालुका)

हा समज थोडा तपासून घ्यायला हवा. हवेतून बांधलेलं बहुतेक नत्र दाण्यात जातं. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात, आणि एका क्विंटल दाण्याबरोबर सहा किलोच्या वर नत्र शेतातून बाहेर जातं. मागे राहतं ते गळलेल्या पानांत आणि मुळांत. कुटारही (मळणीनंतरचा भुसाही) उचललं किंवा जाळलं तर जमिनीचा हिशेब अनेकदा बरोबरीला किंवा तोट्यातच येतो. कुटार बैलांना घातलं तर शेणखत परत शेतात आणा. उरलेलं धुऱ्यावर पेटवू नका, थर लावून कुजवा किंवा हरभऱ्याच्या दोन तासांमध्ये पसरा.

हरभऱ्याला पेरणीच्या वेळी नेहमीची थोडी नत्राची मात्रा द्या, स्फुरद कमी करू नका, आणि सोयाबीनचं उरलेलं पाकीट त्याला लावू नका. हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं मागून घ्या.